गडावरचं टाकं आणि बाळकृष्ण

देव आपलं ऐकतो का, अशी शंका मला कधी आली नव्हती. त्या वर्षी मात्र त्याने ऐकलं तर काय, याचीच भीती वाटू लागली.

आमच्या इराने मार्कसशी लग्न ठरवलं होतं. मुलगा गुणी, आमच्यासारखाच इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतच वाढलेला, मला ‘काकू’ म्हणायला शिकलेला. नाव ठेवायला जागा नव्हती. माझ्या मनात होतं ते इतकंच, की तो काळा आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तोंडाने ‘तुमचा आनंद तो आमचा’ म्हणत राहिले आणि कोणाला न सांगता देव पाण्यात ठेवले. देव म्हणजे माझा बाळकृष्ण, माझ्या लग्नात आईने अन्नपूर्णेबरोबर दिलेला. स्टीलच्या डब्यात पाणी घालून त्यात त्याला ठेवलं आणि डबा बॉयलरच्या कपाटात टॉवेलांमागे लपवला. हे लग्न मोडलं की बाहेर काढीन, असं त्याला बजावलं. लोक आजारी माणसासाठी देव पाण्यात ठेवतात. मी पोटच्या मुलीविरुद्ध ठेवला. यांनी देवघरातली रिकामी जागा पाहून विचारलं, तेव्हा ‘घासायला काढलाय’ म्हटलं.

मार्कसची आजी कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर राहते. तिला विमानप्रवास झेपत नाही, म्हणून लग्नाआधी दोघं मला तिच्या भेटीला घेऊन गेली. यांना रजा मिळाली नाही. तिथे एका सकाळी आम्ही डोंगरमाथ्यावरचा इंग्रजांचा जुना किल्ला पाहायला गेलो. काळपट दगड, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या तोफा. “हे सगळे दगड आमच्या लोकांनी वर आणलेत, काकू. गुलाम होते ते,” मार्कस अगदी साध्या आवाजात म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. मी एकटीच पुढे निघाले.

तेवढ्यात ढग उतरला. तोफा, भिंती, समुद्र, सगळं दुधात विरघळल्यासारखं झालं. इराला हाक मारली, तर आवाज कापसात शिरावा तसा हरवला. पायाखालची वाट दिसेना. तेव्हा कोणीतरी माझा हात धरला. एक म्हातारी बाई होती, हातात वाकड्या मुठीची छत्री. “हळू, डार्लिंग. पुढे कठडा नाही,” ती म्हणाली आणि जुनी ओळख असल्यासारखी मला चालवत पाण्यापाशी घेऊन आली. आपल्या गडांवर असतं तसंच दगडी टाकं होतं ते. तळाशी एक लहानशी काळी बाहुली पडली होती. गुडघ्यांवर रांगणारी, चेहरा वर केलेली.

बाईने वाकून छत्रीच्या मुठीने बाहुली ओढून घेतली आणि स्वतःच्या स्कर्टने ती पुसू लागली. आधी चेहरा, मग पाठ, मग मुडपलेले गुडघे. अभिषेकानंतर माझी आई बाळकृष्णाला अशीच पुसायची. “कोणाचं तरी लेकरू रडत असेल हिच्यासाठी,” ती म्हणाली. बाहुली कोरड्या दगडावर ठेवून, माझा खांदा थोपटून ती ढगात निघून गेली.

ती कोण होती, हे मी कोणाला विचारलं नाही. तिथे रोज फिरायला येणारी कोणी असेल. मला तेवढं पुरे आहे.

तिथूनच मी यांना फोन लावला. रविवार होता, हे घरीच होते. “बॉयलरच्या कपाटात टॉवेलांमागे एक डबा आहे. त्यातून बाळकृष्णाला बाहेर काढा.”

“अगं, हा घासायला काढला होतास का लपवायला?” मग झाकणाचा आवाज आला. “हा पाण्यात आहे. कशासाठी?”

सांगितलं. फोन ठेवून वळले, तर मागे इरा उभी होती.

“माझा लग्न मोडायला, आई?” तिचं मराठी असंच आहे. सारवासारव सुचली होती. केली नाही. हो म्हटलं.

ती विरणाऱ्या ढगाकडे वळली. मग म्हणाली, “बाबाला सांग, नीट पुसायला.”

तिने मला लगेच माफ केलं नाही. परतीच्या विमानात ती माझ्याशी जेवणापुरतं बोलली. मीही तिची मनधरणी केली नाही. माझ्या हाताने जे जे घट्ट धरलं होतं, ते आता सुटू द्यायचं होतं. कॉव्हेंट्रीत लग्नाच्या दिवशी गौरीहराशी मी तिच्या हातात नवी अन्नपूर्णा ठेवली, तर तिने दुसरा हात पुढे केला.

“आणि तो?”

पूजेला आणलेला बाळकृष्ण पदराने पुसून दिला. आधी चेहरा.

आमच्या देवघरातली ती जागा आता खरोखरच रिकामी आहे. सकाळी मी तिथे एक फूल ठेवते. मागणं काही सुचत नाही. मी मागितलं होतं ते त्याने दिलं नाही, त्यासाठी हात जोडते.