एम.डी. नसलेली कन्सल्टंट

सौदीत राबिघला नवऱ्याच्या हॉस्पिटलात एक अमेरिकन डॉक्टर रुजू व्हायची होती. तिच्या नावापुढे एम.डी.ऐवजी डी.ओ. अशी अक्षरं होती, आणि ती बघून ऑफिसातला माणूस अडला. त्याने नवऱ्याला बोलावून विचारलं, तुम्हा इंडियन लोकांकडे डॉक्टरांचे इतके प्रकार असतात, त्यातला हा कोणता? नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दुपारी जेवताना मला म्हणाला, "ऑस्टिओपॅथ म्हणे. आपल्याकडच्या हाडवैद्यासारखं काहीतरी असेल."

मी होमिओपॅथ. नाशिकला माझा दवाखाना होता, बरा चालायचा, आणि गल्लीत मला डॉक्टरबाई म्हणत. इथल्या हॉस्पिटलात माझ्या पदवीला कोणी विचारत नाही. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, मी नवऱ्याची बायको आहे, तेवढंच. याचं वाईट वाटायचं, पण रडून रडून तेही शिळं झालं होतं.

या बाईचं मात्र मी रोज विचारू लागले. तिचं क्लासिफिकेशन आलं का, सरकारने कोणता दर्जा दिला? बोर्डाची परीक्षा कशातली दिलीय? नवरा हौसेने सांगायचा. मेडिसिनचं बोर्ड झालंय, आयसीयू सांभाळायची. मग त्यावरून त्याच्या वॉर्डातला एखादा पेशंट निघायचा, आणि चहा गार होईपर्यंत आम्ही बोलत बसायचो.

शेवटी निकाल लागला. बाई कन्सल्टंट झाली. नवरा एम.डी. असून स्पेशालिस्टच आहे, म्हणजे तिच्याहून एक पायरी खाली, त्यामुळे त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मात्र उघड उघड खूश होते.

"एम.डी. नसलेली बाई चालते, तर उद्या आम्हालाही विचारतील," मी म्हणाले.

तो नुसता "हं" म्हणाला.

मी सर्टिफिकेटं काढली, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून त्यांच्या घड्या सरळ केल्या. मुलगी शाळेतून आली की दार कोण उघडणार, याचाही विचार झाला. मुलीने विचारलं, "मम्मा, विल यू गेट अ स्टेथोस्कोप?" मी म्हटलं, बघू. बाजारात तुरी, भट भटणीला मारी. इथे भट मीच आणि भटीणही मीच.

शुक्रवारी त्या डॉक्टरबाईला जेवायला बोलावलं. बाई चाळिशीची, मोकळी. भरली वांगी दोनदा घेतली. मी धीर करून तिच्या पदवीचं विचारलं. ती इंग्रजीतून सावकाश समजावत गेली. कॉलेज वेगळं, पण शिकवतात सगळं तिकडच्या एम.डी.सारखंच, म्हणजे आपल्या एम.बी.बी.एस.सारखं. औषधं, ऑपरेशनं, सगळं. हाताने सांधे-स्नायू बघायचं तेवढं जास्तीचं. रेसिडेन्सी, म्हणजे पुढचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, एम.डी.वाल्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याबरोबर. बोर्डही हवं तर त्यांचंच देता येतं, तिने तेच दिलं होतं.

म्हणजे ती वेगळ्या दाराने आली असली तरी आली होती नवऱ्याच्याच घरात. माझं गावच वेगळं.

"तुम्हीही डॉक्टर आहात असं हे सांगत होते," ती म्हणाली. "तुमची रेसिडेन्सी कशातली?"

नवरा ताटाकडे बघत राहिला.

"मी होमिओपॅथ आहे," मी म्हणाले. "रेसिडेन्सी नाही केली."

"ओह," ती म्हणाली, आणि घाईघाईने वांग्यांची रेसिपी विचारली. मी सांगितली, दाण्याच्या कुटासकट. बाई वाईट नव्हती. राग आला तो तिचा नव्हेच.

ती गेल्यावर मी ताटं उचलली, सिंकचा नळ सोडला. नवरा मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"तुला माहीत होतं ना?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी तिचे कागद वाचले होते."

"आणि मला एवढे दिवस नाचू दिलंस?" माझा आवाज चढला. हातातलं ताट मी सिंकमध्ये जवळजवळ आपटलं.

त्याने नळ बंद केला. खाली बघतच म्हणाला, "इथे आल्यापासून तू मला माझ्या एकाही पेशंटचं विचारलं नव्हतंस. सांगितलं असतं, तर परत विचारायची थांबली असतीस."