अर्ध्यावर राहिलेले अर्ज

जळगावला आम्ही दोघांनी सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस काढलं, तेव्हा आमच्या मैत्रीला दहा वर्षं झाली होती. तो गिऱ्हाइकं सांभाळायचा, मी कोड लिहायचे; थोडंफार कोडिंग त्यालाही यायचं.

शिरपूरकडच्या एका नर्सिंग कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश अर्ज आमच्याकडे आला. अर्ज सात पानी. भरणाऱ्या बऱ्याच मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या, जिथे रेंज मिळाली तर मिळाली. कोणी कुठपर्यंत भरलंय हे सर्व्हर एरवी आपल्या मेमरीत ठेवतो, आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला की सगळं पुसलं जातं. म्हणून मी ती नोंद, म्हणजे सेशन, डेटाबेसमध्ये साठवली. अर्धा अर्ज सोडून चार दिवसांनी आलं तरी पुढून भरता यायचं.

मदतीसाठी अर्जावर माझा नंबर होता. एक मुलगी रोज फोन करायची. टेकडीवर चढून, रेंज धरून ती एकेक पान भरत होती.

"काल भरलेलं जाणार नाही ना, ताई?"

"नाही जाणार," मी सांगायचे.

शेवटच्या आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला मी पिंपळनेरला गेले. परतीच्या बसमध्ये तिचा फोन आला. "ताई, बठ्ठं कोरं व्हई गयं. सहा पानं भरेल व्हतात."

ऑफिसात येऊन पाहिलं, तर खरंच सगळं कोरं झालं होतं. सेशन पुन्हा मेमरीत गेलं होतं आणि त्यानंतर सर्व्हर रिस्टार्ट झाला होता. कोडच्या नोंदीत बदल करणाऱ्याचं नाव माझं. वेळ लग्नाच्या दिवशीची, सकाळी अकराची. तेव्हा मी मांडवात अक्षता वाटत होते. माझ्या कॉम्प्युटरवरचं लॉगिन मी कधी बंद करत नसे. त्या दिवशी ऑफिसात माझा मित्रच तर होता.

"साइट हळू चालते म्हणून कॉलेजवाले मागे लागले होते," तो म्हणाला. "डेटाबेस काढला, पळायला लागली."

"माझ्या नावाने?"

"तुझं मशीन उघडं होतं."

"आणि कॉलेजला काय सांगितलंस?"

त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. "तुझ्याकडून चूक झाली म्हणून. माझ्यावर आलं असतं तर पुढचं काम गेलं असतं. तुला तिथे कोण ओळखतं?"

गेलेलं परत मिळण्यासारखं नव्हतं. त्या मुलीला फोन लावला. ती एकेक उत्तर सांगत गेली, मी भरत गेले. मग मदतीसाठी फोन केलेल्या बाकीच्या मुलींना. मुदत संपायला तास राहिला असताना शेवटचा अर्ज गेला. तो शेजारच्या टेबलावर बसून होता. एकही फोन त्याने केला नाही.

महिन्याभरात मी धुळ्याला नोकरी धरली. पुढे एकदा तिथल्या बसस्टँडवर त्या कॉलेजचे क्लार्क भेटले. ओळख पटल्यावर म्हणाले, "ते अर्ज तुमच्याकडूनच उडाले होते ना?"

"नाही," मी म्हटलं. "पण सांगत बसले तर तुमची बस चुकेल, भाऊ."

ते हसले आणि गाडीकडे वळले. थांबले असते तर मी सगळं सांगितलं असतं.