जहरापलीकडच्या तंबूतला पडदा

एका संशोधकाने जहरा गावाच्या उत्तरेला, वाळवंटात तंबूत राहणाऱ्या अरब म्हातारीला फसवलं, तेही माझ्या ओळखीवर. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी त्याला भोळा समजायला नको.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीहून रिकाम्या हाताने आखातात येऊन मी शुवैख बंदरात दोरखंड आणि ताडपत्रीचा धंदा उभा केला होता. उत्तरेकडच्या तंबूंत माझा माल जायचा. ही म्हातारी तर मालाच्या भावावरून माझ्याशी तास तास भांडायची आणि मग कॉफी पाजायची. म्हणून संशोधक आणि त्याच्यासोबतच्या चित्रकार बाई मला शोधत आले. त्यांना तिथलं विणकाम पाहायचं होतं, त्या लोकांशी नातं जोडायचं होतं.

माझ्या गाडीतून जाताना संशोधकच बाईंना समजावत होता, "कुठल्या वस्तूची फार तारीफ करू नका. ते लगेच 'तुमचीच आहे' म्हणतात. कितीही आग्रह झाला तरी आपण नकोच म्हणायचं."

तंबूत बायकांची बाजू वेगळी करणारा लोकरीचा पडदा टांगला होता. म्हातारीने तो नातीच्या लग्नासाठी विणला होता. बाई तिच्या हातमागाचं चित्र काढत बसल्या. संशोधक पडद्यावरून हात फिरवत राहिला. असं काम कुठेच पाहिलं नाही, हे त्याने इतक्या वेळा म्हटलं की म्हातारीला म्हणावंच लागलं, "तुझाच आहे, पोरा."

त्याने आभार मानले आणि पडदा गुंडाळायला घेतला. नात उठून बाहेर गेली. म्हातारीने आमच्या पेल्यांत पुन्हा कॉफी ओतली. दिलेलं परत मागणं तिच्याने होणार नव्हतं.

परतताना मी गाडी थांबवली.

"पडदा इकडे दे. मी परत देऊन येतो."

"तिने दिलाय, सेठ. तुमच्यासमोर."

"आणि येताना बाईंना काय शिकवत होतास?"

"इथे तो विरून जाईल. तिचं काम जगाने पाहायला हवं."

"लग्न जगाचं आहे का?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी दोघांनाही खाली उतरवलं. पडदा काखेत मारून तो जहराकडे चालू लागला.

पुढे शहरात प्रदर्शन भरलं. बाईंच्या चित्राशेजारी पडदा, खाली 'उत्तरेच्या बांधवांची प्रेमाची भेट'. ही भेट मिळाली कशी, असं मी उभा राहून विचारलं, तर लोकांनीच मला खाली बसवलं. म्हणे, सेठ, हा कलेचा विषय आहे.

नंतर मी माल घेऊन तंबूंकडे गेलो. नातीच्या नव्या संसारात माझ्याच ताडपत्रीचा तुकडा पडदा म्हणून टांगला होता. म्हातारीने मी सांगितलेला भाव मुकाट्याने कबूल केला. एका शब्दाने भांडली नाही. मी तिला परका झालो होतो.

त्यांना तिथे नेलं मीच. म्हणूनच विचारायचा हक्क माझा आहे. संशोधकाने तो पडदा घेऊन त्या तंबूत जावं, नातीसमोर बसावं, आणि त्या दिवशी 'नको' का म्हटलं नाही ते तिला सांगावं. बाईंनीही सोबत जावं. गाडीत त्यांनी सगळं ऐकलं होतं.