टिटवीनं अडवलेला फड

आमच्या नाथाजी हवालदाराला पाखरांचं वेड होतं, आणि वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. पेन्शन घेऊन पलटणीतून आला आणि सायकलवर टांग मारून जो निघाला, तो थेट मायणीच्या तलावावर, लाल पंखांचे रोहित बघायला. नंतर कराडच्या संगमावर, पाणकावळे पंख वाळवत बसतात म्हणून. मेढ्याच्या रानात एक पाखरू माणसासारखी शीळ घालतं असं कुणी सांगितलं, तर गडी तिथंही जाऊन आला. परतताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सगळं ऐकवायचा, ऐकणाऱ्याला घाई असो वा नसो. त्याची बायको राहीबाई म्हणायची, "मुलखातली पाखरं ह्यास्नी दिसत्यात, दारातली म्हस सुटल्याली तेवढी दिसत न्हाई."

चौसष्ट सालच्या चैत्रात, यात्रेच्या आदल्या दिवशी, कुस्त्यांच्या फडासाठी जमीन खणायला माणसं तारळीकाठच्या माळावर गेली, तर टिटवी ओरडत त्यांच्या डोक्यावरच आली. माळाच्या मधोमध, खड्यांत खडे वाटावेत अशी, तिची चार अंडी होती. कुदळ उगारली जायच्या आत नाथाजी धावत आला आणि अंड्यांपुढं मांडी घालून बसला.

फडाचा कारभारी हिंदुराव. तो रागानंच आला.

"ऊठ नाथाजी. अंडी उचल, पलीकडं ठेव, झालं."

"हलवली की ती सोडून जाती. फड हलवा."

"चार अंड्यांपायी व्हय? आन् यात्रंच्या तोंडावर टिटवी वरडणं बरं न्हवं."

"ती तुझ्या नावानं वरडत न्हाई गड्या. पिल्लांसाठी वरडतीया."

म्हातारे जोतिबाआप्पा म्हणाले, "हिंदुराव, टिटवी देखील समुद्र आटविते." पण हिंदुराव ऐकतो कुठला! शेवटी आमच्याकडं तंटा जसा मिटतो तसाच मिटवायचं ठरलं. दोघांनी कुस्ती धरायची. नाथाजी जिंकला तर फड हलणार, हिंदुराव जिंकला तर अंडी. दोघंही पन्नाशीचे. विशीत असताना याच माळावर त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली होती, आणि ती हिंदुराव कधी विसरला नव्हता.

माळ टिटवीनं धरलेला, म्हणून शेजारच्या, हिंदुरावच्याच नांगरलेल्या रानात दोघं लंगोट कसून उतरले. खरं सांगतो, इतकी वाईट कुस्ती मी जन्मात पाहिली नाही. पोटं सुटलेली, एक डाव टाकायचा की दोघंही दम खायला थांबायचे. तरी नाथाजी जीव तोडून लढत होता. मला त्याची फार कीव आली, कारण हिंदुरावनं त्याला ढाक मारून सरळ चीत केलं.

हिंदुराव रानभर नाचला. मग थांबला, पायाखालची माती मुठीत घेऊन बघू लागला.

"लय मऊ हाय रं ही. फड हितंच धरू. दरसाल लोकास्नी दावता यील, हितं मी नाथाजीला पाडला."

"आन् अंडी?" नाथाजीनं मातीत पडल्या पडल्याच विचारलं.

"ऱ्हाऊ देत. माझं काम झालं."

नाथाजी उठायचं सोडून तिथंच हसत सुटला. हरलेला माणूस इतका खूश मी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावनंच हलगीवाल्याला ताकीद दिली, हळू वाजव. माणसं एकमेकांना गप्प करत कुस्त्या बघत होती. एरवी फडाकडं न फिरकणाऱ्या बायकाही माळाच्या कडेला जमल्या होत्या, आणि घरचंच बाळंतपण असल्यासारखी राहीबाई त्यांना टिटवी दाखवत होती.

शेवटच्या कुस्तीत उंब्रजच्या मानसिंग पैलवानानं जोडीदाराला आसमान दाखवलं, आणि इतका वेळ दाबून धरलेली आरोळी सगळ्यांच्या तोंडून एकदम फुटली. टिटवी उडाली.

फड चिडीचूप झाला. मानसिंग वर केलेले हात तसेच ठेवून आभाळाकडं बघत राहिला. टिटवीनं वरून घिरट्या घातल्या, थोडं लांब उतरली, तुरुतुरु चालत अंड्यांपाशी आली.

"बसली," नाथाजी म्हणाला.

सगळ्या फडानं फेटे उडवले, आणि टिटवी परत उठली.