परवाचा अर्ज

“एवढ्याला डोंगर म्हणता तुम्ही?” असं म्हणत आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ हात गुडघ्यापाशी न्यायचे. त्यांच्या लेखी सिंहगडाची उंची तेवढीच. मी पुण्याचा, दर रविवारी सिंहगड चढून मोठा झालेला. हैदराबादच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात माझ्या गडाचं झालेलं ते पायपुसणं मी विसरलो नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. एकदा परदेशी जाऊन येतो आणि उरलेली नोकरी मनाने तिथेच करतो. हे हैदराबादच्याच गौलीगुड्यात जन्मलेले, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास, हुद्द्याने माझ्या हाताखाली. कंपनीच्या कामासाठी पेरूला गेले आणि अँडीज, बोलिव्हिया करून परतले. लिफ्ट बंद पडली की, “ला पाझला रस्तेच जिने असतात.” बटाट्याची भाजी असली की तिकडच्या बटाट्यांची नावं. एखाद्याच्या डब्यात पेरूची फोड दिसली, तर जेवणाची सुट्टी संपलीच म्हणायची. लामा नावाचा प्राणी आपल्या अंगावर थुंकला, ही हकीकत तर ते शाल-श्रीफळ मिळाल्यासारखी सांगत.

“परवाच टिटिकाकाला होतो. डोंगरात एवढ्या उंचावर एवढा मोठा तलाव!” ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. मी भाबडेपणाने विचारलं, “मग झोप पुरी झाली का?” सगळं ऑफिस हसलं. त्या प्रवासाला नऊ वर्षं झाली होती. हैदराबादेत परवा म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस, हे मला तेव्हा कळलं. यांचं लग्न परवा झालेलं, निजामही परवाच गेलेला. त्यानंतर त्यांच्या परवाला मी कधी भीक घातली नाही.

त्या प्रवासात बायको बरोबर नव्हती. सासूच्या आजारपणापायी ती घरी राहिली होती आणि “तुला तो तलाव दाखवीन” असा शब्द यांनी तिला दिला होता. शब्द पाळायला नऊ वर्षं लावणाऱ्या माणसाचं मला काय कौतुक असणार! एके दिवशी ते तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“एवढी रजा? काम तोंडावर आलंय.”

“हौ साहेब. पण परवा डॉक्टर बोलले, मिसेसचे फेफडे कमजोर झालेत. जायचं तर आत्ताच जा, पुढे उंचावर नक्को.”

मी मनात हसलो. यांचं परवा म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वीचं असणार. इतकं थांबले, आणखी थोडं थांबतील. अर्जावर ‘पुढील वर्षी’ असं लिहून मी तो परत केला. चहाच्या वेळी त्यांची नक्कलही केली, आणि ती चांगली वठली.

पुढच्या वर्षी मी मोठ्या मनाने त्यांना स्वतःहून बोलावलं. “या आता तलाव बघून.”

“आता नक्को साहेब. तिला घराचा जिना चढवत नाही.”

“पण डॉक्टरांनी तर कधीचं सांगितलं होतं ना?”

“परवा बोलले होते, साहेब. बुधवारी ते बोलले, शुक्रवारी मी तुम्हाला अर्ज दिला.”

ते रागावले नाहीत, याचाच मला राग आला. जाताना म्हणाले, “रजा मात्र द्या. तिच्यापाशी बसतो.” मी सही केली. त्या रजेनंतर थोड्याच महिन्यांत ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला मी कामाचं निमित्त काढून गेलो नाही.

पण त्या रजेतल्या एका सकाळी मी त्यांना पाहिलं होतं. एप्रिलचं ऊन होतं, मी टँक बंडवरून गाडीने चाललो होतो. हुसेनसागर तलावासमोरच्या बाकावर नवराबायको बसलेली. दोघांच्याही डोक्यावर अँडीजमधल्या, कान झाकणाऱ्या, गोंडे लावलेल्या रंगीत लोकरीच्या टोप्या. “वेडे आहेत!” माझ्या तोंडून निघालंच. त्या पाण्याचा वास बंद काचेतूनही आत येत होता. ते मात्र पलीकडच्या इमारतींकडे हात उंच करून तिला काहीतरी दाखवत होते. तिने मधेच दम खाल्ला, मान हलवली आणि पुन्हा तिकडे बघितलं.

मी गाडी थांबवली नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार होतो?