मॅडम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या पोरी अकोल्यात खेळल्या

मंगला मॅडम गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या पोरी फुटबॉल खेळल्या.

होय, खेळल्या. ज्यांना वाईट वाटलं त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहावं. मी सगळं वाचतो.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ऑफसाइड मला अजूनही कळत नाही. पण माझी नात समीक्षा अमरावतीच्या कॉलेजच्या टीमची गोलकीपर आहे, आणि या सीझनच्या प्रत्येक मॅचला मी टीमच्या गाडीत होतो.

कारण घरचं माणूस सोबत असल्याशिवाय आमच्याकडे पोरी परगावी जात नाहीत.

आता प्रत्येकीच्या घरचं माणूस आलं तर गाडीत पोरींना जागा कुठून राहणार? म्हणून कोच मंगला मॅडमनी तोड काढली. सगळ्यांच्या वतीने एकच म्हातारा.

"आबाजी, तुमीच चला. तुमच्याएवढी काळजी करणारा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. तुमाले गाडीत पाहिलं की सगळे बाप बिनघोर झोपतात."

खरं आहे. मी टायर दाबून पाहतो. पाण्याची कॅन हुंगून पाहतो. मुर्तिजापूर येईपर्यंत ड्रायव्हरला हळू चालव, हळू चालव म्हणून बेजार करतो.

सुरुवातीला मॅडमनी बॉल कमी आणि ओरडणं जास्त शिकवलं.

बॉल जिच्याकडे येईल तिने ओरडायचं, "माझा!" म्हणजे बाकीच्या बाजूला होतात. साधी गोष्ट.

पण पोरींच्या तोंडून तो शब्द निघेना. जन्मापासून ऐकलेलं, हळू बोल, खाली बघ. दोघी एकाच बॉलवर जायच्या, एकमेकींवर आदळायच्या, आणि उठून एकमेकींना सॉरी सॉरी करायच्या.

"अवं बाई, सॉरी काय म्हणून राहिली? भाजीवाल्यासंगं भांडताना कसा आवाज निघते तुहा? तोच आण इथं!"

मैदानासमोर राहणारे एक साहेब तक्रार घेऊन आले. पोरींचा फार कल्ला होतो.

मॅडम म्हणाल्या, "बाजूले पोट्टे क्रिकेट खेळून राहिले, त्याइचा नाही होत का?"

"ते पोट्टे आहेत."

मॅडम पोरींकडे वळल्या. "ऐकलं? आता आणखी मोठ्यानं."

माझाच जीव खालीवर होत होता. मी म्हटलं, "मॅडम, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या ना आबाजी. मॅच पाहाचीच असते."

अशा होत्या.

शनिवारी सकाळी त्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत.

सोमवारी अकोल्यात आमची शेवटची लीग मॅच होती. बरोबरी झाली तरी पुढच्या फेरीत. गेलोच नाही तर बाहेर. सीझन संपला.

शनिवारी संध्याकाळपासून पालकांचे फोन सुरू झाले. सुतकात खेळ शोभतो का? राख सावडायच्या दिवशी पोरी मैदानात उड्या मारणार का? आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य.

"आबाजी, तुमी जाऊन राहिले का? तुमी नसान तर आमचीबी नाही येत."

सगळ्यांनी ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं. गॅस बंद केला की नाही हे पाहायला बसस्टँडवरून परत येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर.

रविवारी मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांची म्हातारी आई सतरंजीवर बसली होती.

मी विचारलं, "बाई, पोरींनी उद्या जावं का नाही जावं?"

"तुमाले सुतक आहे का?"

"नाही."

"मंग? सुतक माह्या घरी आहे. मी बसतो घरी. तिची राख मी पाहतो, तिच्या पोरी तुमी पाहा."

मी उठलो तर मागून म्हणाली, "आन किती झालं ते मले येऊन सांगजा."

घरी येऊन मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: गाडी सकाळी निघेल. मी गाडीत आहे. ज्याला पोरगी घरी ठेवायची असेल त्याने मला फोन करावा आणि कारण मोठ्याने सांगावं.

एकाचाही फोन आला नाही.

अकोल्यात मॅचआधी सगळे श्रद्धांजली म्हणून शांत उभे राहिले. चांगलं केलं. पण आमच्या पोरींची ती शांतता सुटेचना. मॅच सुरू झाली तरी मुक्याच.

एक उंच बॉल आला. समीक्षाला वाटलं पुढे उभी आपलीच पोरगी घेईल, तिला वाटलं समीक्षा घेईल. "माझा" कोणीच म्हटलं नाही. बॉल दोघींच्या मधून गोलमध्ये गेला.

आणि दोघी एकमेकींना म्हणाल्या, सॉरी.

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवरून उठलो.

"अवं, मुक्या झाल्या का सगळ्या? हे शिकवलं का मॅडमनं? आवाज काढा!"

रेफरीने मला मागे जायला सांगितलं. गेलो. मागून ओरडलो.

पुढच्या कॉर्नरला समीक्षा उडी मारून किंचाळली, "माझा!" आवाज रडका होता. पण बॉल हातात होता.

मग एकेक तोंड उघडलं. शेवटी तर असा गलका की बाजूच्या रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून पाहू लागले. पाहू द्या. आमची चांदूर बाजारची रेणुका "माझा! माझा!" ओरडत अशी घुसली की आमच्याच दोघी घाबरून बाजूला झाल्या.

गोल.

एक-एक.

कोणीतरी लिहिलं आहे, मॅडमची राख थंड झाली नाही आणि पोरी मैदानात बोंबलत होत्या.

हो, बोंबलत होत्या. मॅडमनीच शिकवलं होतं. ज्या दिवशी त्या गेल्या म्हणून पोरी गप्प बसतील, त्या दिवशी मॅडम खऱ्या मेल्या म्हणा.

परत आल्यावर गाडी आधी मॅडमच्या घरी नेली. आई दारातच होती.

"किती?"

"एक-एक."

"मंग पुढं गेलो ना आपण?"

"गेलो."

"बरं झालं," म्हणाली, आणि मग रडली.

मॅडम, सगळ्यांच्या वतीने हा एकच म्हातारा लिहितो आहे. पुढच्या मॅचलाही गाडीत मी आहे. टायर पाहून ठेवले आहेत.

तुम्ही आता बिनघोर झोपा. आमचा सगळ्यांचा तुम्हाला मोठ्याने राम राम.