गुम्मिडिपूंडीपर्यंत मिस कॉल नाही

चेन्नईची गाडी सोलापूरला थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात आईने खिडकीतून शेंगाचटणीची बरणी, कडक भाकरीचं गाठोडं आणि एक सूचना आत दिली. "पोचलीस की मिस कॉल दे. मी उचलत नसते बघ." गाडी हलली तेव्हा बाबा माझ्याकडे बघून हात हलवत होते. आई माझ्या हातातल्या नव्या मोबाइलकडे बघत होती, पोरीला त्याच्या हवाली केल्यासारखी.

त्या वर्षांत घर सोडलेल्यांना आणि घरी राहिलेल्यांना ही पद्धत आठवत असेल. फोन एकदा वाजवून तोडायचा. पलीकडून एकदा वाजला की समजायचं, मिळाला. बोलणं महाग होतं, पोचणं फुकट.

मी एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर रुजू झाले. वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालकीण तंजावरकडची मराठी. सगळी गल्ली तिला मामी म्हणे. तिची मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून निघालेली आणि वाटेत तमिळ होत गेलेली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "जेवलीस-आ?" उत्तराची तिला गरज नव्हती. ताट वाढलेलं होतं.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात, ऑफिसला जाताना, लोकलमध्ये अचानक छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आपण आता मरणार याबद्दल शंका उरली नाही. मी नुंगमबाक्कमला उतरले आणि मेले नाही. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि माझ्या हृदयाचं कौतुक केलं. हे पुन्हा पुन्हा होऊ लागलं तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर. घरी मी ॲसिडिटी सांगितली. "तिकडचं आंबट खाऊन," आई म्हणाली.

त्यानंतर मी प्रत्येक स्टेशनवर मिस कॉल देऊ लागले. कोडंबाक्कम, नुंगमबाक्कम, चेटपेट. आईचा उलट वाजला की पुढच्या स्टेशनपर्यंत जिवंत राहता येई.

याच सुमारास संपादकांनी बोलावलं. पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, उद्योगांची बातमीदारी देतो म्हणाले. शहराच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत लोकलने एकटीने जावं लागेल. डेस्कवर माझ्या जागी माणूस ठरलेला होता. म्हणजे नाही म्हटलं तर सोलापूर.

डॉक्टरांनी इंटरनेटवरचा एक परदेशी कार्यक्रम सुचवला. विचार आणि सवयी बदलण्याची ही उपचारपद्धती. दर आठवड्याला एक धडा, गृहपाठ आणि हेलन नावाच्या मार्गदर्शक बाईंची ईमेल. गृहपाठ विचित्र होता. ज्या लक्षणांची भीती वाटते तीच मुद्दाम आणायची. स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, म्हणजे दम लागतो. गरगर फिरायचं, म्हणजे चक्कर येते. मग थांबून बघायचं, पुढे काय होतं. स्ट्रॉ शहाळेवाल्याकडून मिळाली. फिरती खुर्ची फक्त कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये, म्हणजे सायबर कॅफेत, होती. मी केबिनमध्ये डोळे मिटून गिरक्या घेत असताना मालकाने पडदा बाजूला केला.

"चेअर प्रॉब्लेम-आ, मॅडम?"

"नाही, ट्रीटमेंट."

त्याने थोडा विचार केला. पुढच्या वेळी खुर्चीला तेल घातलेलं होतं.

मिस कॉल म्हणजे काय, हे समजवायला मला एक अख्खी ईमेल लागली. हेलनचं उत्तर आलं, "म्हणजे आईने फोन उचलला नाही की तुला बरं वाटतं. बरोबर?" बरोबर होतं. तिचं म्हणणं साधं होतं. दर वेळी काही वाईट झालं नाही आणि दर वेळी श्रेय मिस कॉलला गेलं. एकदा त्याच्याशिवाय जाऊन बघ.

आईला कळवलं की गुम्मिडिपूंडीला एकदा जाऊन बघणार आणि तिथपर्यंत मिस कॉल देणार नाही. "बरं. नको देऊस. माझं काय," आई म्हणाली.

चेन्नई सेंट्रलहून लोकल निघाली आणि पर्समधला फोन थरथरू लागला. मी द्यायचा नाही, एवढंच ठरलं होतं. आईने तिच्याकडून द्यायला सुरुवात केली होती. मिंजूरला मी फोन बंद केला. पोन्नेरीच्या अलीकडे धडधड सुरू झाली. समोरच्या बाईने माझा चेहरा पाहून पाण्याची बाटली पुढे केली, "तण्णी वेणुमा?" मी नको म्हटलं, घाबरल्यावर पाणी पिण्याची सवयही हेलनने सोडायला लावली होती. बाईंना राग आला असावा. धडधड चढत गेली, थोडा वेळ तिथेच राहिली आणि धड्यात लिहिलं होतं तशी उतरली. मी गुम्मिडिपूंडीला उतरले, चहा घेतला आणि कारखान्यांकडचा रस्ता विचारून ठेवला.

संध्याकाळी मामी फाटकातच उभी होती. "तुझी आई फोन केली. मग मी केली. मग परत ती केली."

"काय म्हणाली?"

"रडली. मी सांगितलं, पोरीचा भात मी झाकून ठेवलाय, जेवायला येणारच. भिऊ नको."

मी सोलापूरला फोन लावला. आईने तो चक्क उचलला. मग मी ॲसिडिटी मागे घेतली आणि खरं काय ते सांगितलं. आईने एकेक लक्षण पुन्हा विचारून घेतलं.

"म्हणजे मलापण तेच आहे म्हण की," ती म्हणाली.

हेलनला विचारून आईलाही गृहपाठ दिला. फोन न लावता थांबायचं, रोज थोडं जास्त. आई इमानदारीत अहवाल देई. "आज दुपारपर्यंत थांबले. भाजी करपली, पण थांबले." पोंगलनंतर मी उद्योगांची बातमीदारी घेतली.

पुढच्या वर्षी आई एकटी चेन्नईला आली. गाडीला उशीर होता. मी सेंट्रलवर फोन हातात धरून उभी होते. चेन्नईच्या अलीकडचं अरक्कोणम येऊन गेलं असणार, मिस कॉल नाही. हातांना ओळखीच्या मुंग्या आल्या. मी फोन पर्समध्ये टाकला आणि तशीच उभी राहिले. गाडी आली, आई चटणीची बरणी सांभाळत उतरली.

"फोन का नाही केलास?"

"कशाला? तू उभीच होतीस की."

घरी मामीने दार उघडून आईला विचारलं, "जेवलीस-आ?" आणि आईने उत्तर द्यायच्या आत तिला आत ओढलं.

आता मी सोलापूरला पोचले की मामीला कळवत नाही आणि चेन्नईला पोचले की आईला कळवत नाही. त्या दोघी आपसात बोलून घेतात. दोन्हीकडे दार उघडतं तेव्हा ताट वाढलेलं असतं.